डावी स्की

तळ्याच्या बर्फावर वाट दाखवायला रोवलेली फर झाडाची रोपटी बर्फ पातळ झाल्यावर गावानं उपटली, की पुढच्या हिवाळ्यापर्यंत तळं बंद. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी रोझेरचा धाकटा भाऊ आशील स्नोमोबील, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घेऊन तळ्यावर गेलाच. बर्फ वितळल्यावर गावानं गाडी ओढून काढली. तिच्या पुढची डावी घसरपट्टी, म्हणजे स्की, आणि आशील मात्र तळाशीच राहिले.

हिवाळा परतल्यावर रोझेरनं ती गाडी दुरुस्तीला घेतली. इतक्या जुन्या गाडीची डावी स्की अख्खं क्वेबेक पालथं घालूनही मिळेना. काल संध्याकाळी त्यानं शेडमध्ये हातातला पाना भिरकावला आणि तळ्याकडे तोंड करून भावावर ओरडला.

"गाढवा, तूच हरवलीस ना? मग तूच आणून दे!"

सकाळी शेडच्या दारापर्यंत स्नोमोबीलचा ताजा माग उमटला होता. रोझेर तणतणत शेजारच्या गिलेनकडे गेला.

"माझी गाडी परस्पर फिरवतोस? लाज नाही वाटत?"

"डोकं फिरलंय का तुझं? तुझं इंजिन माझ्या टेबलावर खोलून पडलंय!"

तरी गिलेन आला, आणि मागावर वाकला.

"ही तुझी गाडी नव्हेच. तुझ्या गाडीला एकच स्की आहे, इथं दोन्हींचे चरे आहेत."

माग गोठलेल्या तळ्याच्या मधोमध सुरू होऊन दारात संपत होता. परतीचा माग नव्हता.

"कोण मेलंय रे आत?" रोझेरनं दाराला लाथ घातली.

आत कुणी नव्हतं. गाडीला डावी स्की बसवलेली होती आणि तिच्यावरून गढूळ पाणी ठिबकत होतं.

नटावर अडकवलेला पाना अजून हलत होता.