आत्याचं दुपटं

घटसर्पाने माझ्या तीन वर्षांच्या लेकीचा गळा धरला होता, आणि डॉक्टर मला विचारत होते, "लशी चुकवल्या का?" एकही चुकवली नव्हती. मग रक्ताचा रिपोर्ट आला. लशी टोचल्या होत्या, पण त्यांचं बळ तिच्या अंगात उतरलंच नव्हतं. तेवढ्यात "स्वल्प सरका, अक्का," म्हणणाऱ्या कानडी नर्सच्या हातून पाणी सांडलं आणि लेकीच्या दुपट्यावरून घरंगळून गेलं. डॉक्टरांनी कापड चिमटीत धरलं. "हे कुठून आणलं?" बारशाला लेकीच्या आत्यानं शिवलं होतं. शिवलीला, माझी नणंद, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात रेनकोटच्या कापडाला लेप चढवायच्या कामाला आहे. उरलेले तुकडे घरी आणते. लेक त्यावरच निजली, त्याचीच टोकं चोखत मोठी झाली. "अशा लेपातली काही रसायनं अंगात वर्षानुवर्षं राहतात. त्यांनी लशीचा परिणाम कमी होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले, "पण यामुळेच झालं, असं ठामपणे नाही सांगता येत." मला नव्हतं ऐकायचं ते. दुपटं ओढून मी दाराशी उभ्या शिवलीलाच्या अंगावर फेकलं. "घे! घाल आता तुझ्या बाळाला!" तिला सातवा महिना होता. दुपटं तिच्या पोटावरून घसरून खाली पडलं. तिनं ते उचललं नाही. "ह्याला दुपटं कशाला लागतंय, वहिनी?" पोटावर हात ठेवून ती म्हणाली. "हे तर रोज माझ्यासंगं त्या लेपाच्या वाफेत उभं असतंय."