तुमच्याकडे

"आजपासून उलटेरावांना कुणी उलटेराव म्हणायचं नाही," मालकीणबाई म्हणाल्या, आणि आपणही आत्ता तेच म्हटलं हे लक्षात येऊन क्षणभर थांबल्या. "त्यांच्या देशावरून थट्टा तर मुळीच नाही. पुन्हा कानावर आलं, तर त्या माणसाने दुसरं काम शोधावं." त्या बोलल्या सगळ्या सुतारांकडे बघून, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. पॉलिशवाल्याने मान खाली घातली आणि खुर्चीच्या पाठीवर बोळा फिरवायला घेतला.

उलटेराव शेजारच्याच बाकावर होता. दाराच्या फळीवर रंधा मारत होता, नेहमीसारखाच उलटा. कारखान्यातले सगळे रंधा पुढे ढकलत, हा स्वतःकडे ओढायचा. त्याच्या देशात म्हणे तसंच शिकवतात. सहा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी ते बघून पॉलिशवाल्याने त्याचं नामकरण करून टाकलं होतं. मुळात याच्या जिभेला हाड नाही, त्यात असं गिऱ्हाईक आयतं समोर आलेलं.

"तुमच्याकडे आधी जेवतात आणि मग चूल पेटवतात का रे?"

"तुमच्याकडे नद्या डोंगर चढतात म्हणे. दम लागत नाही का त्यांना?"

दिवसाला असा एक तरी प्रश्न व्हायचाच. उलटेरावही हसायचा. कधी आपणहून भर घालायचा, "चढतात, पण सुट्टीच्या दिवशी नाही." जेवणाच्या सुट्टीत दोघे मागच्या भिंतीशी एकाच फळीवर डबा उघडून बसत.

मग कुठे माशी शिंकली कोण जाणे. कालचीच गोष्ट, सोमवारची. पॉलिशवाल्याने सकाळी सकाळी विचारलं, "तुमच्याकडे सगळंच उलटं, तर पोरं आधी जन्मतात आणि आया मागून येतात का रे?" सगळा कारखाना खो खो हसला. उलटेराव हसला नाही. त्याने रंधा खाली ठेवला आणि थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेला. आणि आज हे असं.

सहा वर्षं हसला आणि सातव्या वर्षी चुगली केली, पॉलिशवाला मनात म्हणाला. घाला चुलीत तुमचा तो देश.

त्यानंतर कारखान्यात सगळेच फार सभ्य झाले. उलटेरावाला अहो-जाहो सुरू झालं. "जरा ती पटाशी देता का?" "आपण आधी हात धुऊन घ्या." कुणी हसेना, कुणी काही विचारीना. दिवसभर सुतकी शांतता, नुसता करवतींचा आवाज. पॉलिशवाल्याची जीभ वळवळायची. एकदा तर "तु" एवढं तोंडातून निघालंच, बाकीचं त्याने खोकल्यात घालवलं.

जेवायला आता तो एकटाच बसायचा. राग होताच, पण रागापेक्षा करमत नव्हतं हे खरं. फळीची रिकामी अर्धी बाजू दिसली की घास तोंडात फिरायचा. सहा वर्षांची सवय आहे, दुसरं काय, असं तो स्वतःला सांगायचा आणि डबा अर्धाच खाऊन झाकून ठेवायचा.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्या रिकाम्या अर्ध्या बाजूवर उलटेराव येऊन बसला. त्याने डबा आणला नव्हता. बराच वेळ तो हाताला चिकटलेली लाकडाची सालपटं काढत राहिला.

"विचार ना काहीतरी," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"काहीही. तुमच्याकडे, म्हणून."

"नको रे बाबा. हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलंय? तूच तर बाईंना सांगून आलास."

उलटेराव पुन्हा सालपटं काढू लागला. उठून मात्र गेला नाही.

पॉलिशवाल्याने डोकं खाजवलं. थट्टा करायची सोय नव्हती, आणि थट्टा सोडून त्या देशाबद्दल काय विचारतात ते त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी जे कुणीही कुणालाही पहिल्या भेटीत विचारतं, तेच त्याने विचारलं.

"तुमच्याकडे कोण कोण असतं?"

सहा वर्षांत एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

"आई होती," उलटेराव म्हणाला. "दर रविवारी फोन करायची. आपल्याकडे आज वारा सुटलाय. आपल्याकडे विहिरीचं पाणी वर आलंय. आपल्याकडे शेजारणीची गाय व्यायली. तासभर नुसतं आपल्याकडे, आपल्याकडे. त्या रविवारी फोन आला नाही. सोमवारी सकाळी आला, तो शेजारणीचा."

पॉलिशवाल्याच्या हातातला घास हातातच राहिला. "सोमवारी," तो म्हणाला. "आणि मी त्याच दिवशी आयांवरून..." आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या तोंडाची लाज वाटली.

"तुला कुठे माहीत होतं. आणि मी बाईंना तुझं नाव सांगायला गेलोच नव्हतो. रजा मागायला गेलो होतो. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी माझे डोळे बघितले, बाहेरचं हसणं ऐकलं, आणि मी थट्टेनेच रडतोय असं त्या समजल्या."

"मग त्याच वेळी सांगायचंस ना."

"सांगायचं म्हणजे आई गेली असं तोंडाने म्हणायला लागलं असतं." त्याने शेवटचं सालपट बोटावरून काढलं आणि फेकून न देता मुठीत ठेवलं. "आता आपल्याकडे म्हणणारं कुणी उरलं नाही रे. तू तरी तुमच्याकडे म्हणत जा."