थोरल्याचं नाव

“नाव सांग माय, मुलाचं नाव,” बुकर कारकून तिसऱ्यांदा म्हणाला.

कुम्बोनं ओठ घट्ट मिटले. मुलगा तिच्यापासून दहा पावलांवर ताडपत्रीखाली पडला होता. हाताला सलाईन, ओठ फुटून काळे, डोळे मिटलेले. दोन वर्षं तो उत्तरेकडच्या देशात विटा वाहत होता. गेल्या आठवड्यात तिथल्या पोलिसांनी त्याला कामावरून उचललं आणि ट्रक भरून आणलेल्या शेकडो माणसांबरोबर सीमेवरच्या वाळूत उतरवलं. कागद घेतले, चपला घेतल्या आणि दक्षिणेकडं बोट दाखवलं. चालत चालत आपल्याच देशातल्या या शिबिरात पोचेपर्यंत त्याची वाचाच गेली. इथल्या कुणीतरी लिहून टाकलं, ‘नाव नाही, देश माली.’ परक्यांना मालीला नेणारा ट्रक दुपारच्या नमाजानंतर सुटणार होता.

“तो माझा आहे,” ती म्हणाली. “डाव्या खांद्यावर बैलाच्या शिंगाचा वण आहे. जा, बघून ये.”

“फॉर्मात वणाला जागा नाही गं.”

“मग कर की जागा! माणसं वाळूत ओतायला बरी जागा सापडते तुम्हाला!”

नाव ती सांगणार तरी कशी? गुरं राखणाऱ्या फुलानी जमातीतली बाई थोरल्या लेकराचं नाव घेत नाही. धाकट्यांना हाका मारते, रागावते, मांडीवर घेते. थोरल्यापुढं मात्र लाज आडवी येते. चोवीस वर्षं तिनं त्याला ‘अरे’ आणि ‘तो’ यांवरच वाढवला होता. त्याचा बाप याकूबा, तो मरेपर्यंत त्याच्याही तोंडून ते नाव कधी निघालं नाही. घेतलं असतं ते धाकट्या मुलीनं. ती गुरांमागं दोन दिवसांच्या वाटेवर होती आणि तिथं फोनही लागत नव्हता.

“गुलामा,” कुम्बो बुकरला म्हणाली, “मालकिणीला असं उलटसुलट विचारतात होय?”

बुकर खुदकन हसला. तो बेरीबेरी जमातीचा. बेरीबेरी आणि फुलानी एकमेकांना गुलाम म्हणतात आणि कुणी मनाला लावून घेत नाही, आजोबा-पणजोबांपासूनची थट्टा आहे ती. तिची अडचण त्याला न सांगता कळली होती.

“गुलामाला कळतंय, मालकीणबाई. या कागदाला कळत नाही.” त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पोलिसांच्या यादीत अठरा नावांना अजून माणूस सापडलेला नाही. मी वाचतो. तुझं आलं की मान हलव. सुले? जिब्रिल?...”

मागून शिबिराच्या साहेबांनी यादी ओढून घेतली. “वाचून दाखवतोस? परवा असंच वाचलंस आणि एका पोराला दोन आया मिळाल्या! नाव तिच्या तोंडून आलं पाहिजे. नाहीतर पुढचा.”

“साहेब, ही माणसं थोरल्याचं...”

“पुढचा!”

ट्रकचा हॉर्न वाजला. दोन हमालांनी मुलाची चटई चार कोपऱ्यांनी उचलली. त्याची मान एका बाजूला कलंडली.

कुम्बोच्या डोक्यात तिडीक गेली. गाईंची जुनी वाट राजधानीतल्या कुण्या कर्नलनं नांगरली, तेव्हा ती गप्प बसली होती. फुलानी माणूस आरडाओरडा करत नाही. त्याच कर्नलनं विहिरीला काटेरी तारा ठोकल्या, तेव्हाही ती गप्प. अकरा गाई तारांपाशी जिभा काढून मेल्या. फुलानी माणूस परक्यापुढं रडत नाही. मग हा थोरला कामासाठी उत्तरेकडं निघाला. रीत म्हणून तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि वाळवणातले खडे वेचत बसली. जपून जा, एवढंही म्हणाली नाही. सगळी लाज तिनंच बाळगायची. विहिरीला तारा ठोकणाऱ्यानं नाही, चपला काढून घेणाऱ्यानं नाही. आणि हा यादी छातीशी धरून उभा राहिलेला मेला साहेब, त्याला तर लाज कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं!

ती रांग मोडून धावली आणि ट्रकच्या फाळक्यापुढं आडवी उभी राहिली.

“गादो!” ती ओरडली. “गादो याकूबा! लिहा! गादो! मी जन्म दिलाय त्याला! नऊ महिने पोटात ठेवलाय! तुमच्या बापानं ठेवला होता का? गादो!”

रांगेतल्या दोन फुलानी म्हाताऱ्यांनी ओढणीत तोंड लपवलं. साहेबांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि चौदाव्या ओळीवर थांबलं. त्यांनी हमालांना नुसती खूण केली आणि बुकरनं पेन उचललं.

हमालांनी चटई तिच्या पायांशी ठेवली. ती गुडघ्यांवर बसली. मुलगा मिळाला होता. मालीचा ट्रक त्याच्याशिवाय धूळ उडवत निघून गेला.

मुलाच्या पापण्या हलल्या. जन्मात कधी नाव न घेणाऱ्या आईनं आपल्याला नावानं हाक मारली, हे त्यानं ओळखलं होतं. तो तिच्याकडं बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या डोळ्यांत भीती दाटून आली. फुटलेले ओठ कसेबसे उघडले.

“आई,” तो म्हणाला, “मी मेलो का गं?”