लाकडी बैलाची तहान

तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीत गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत पुढे गेली आणि आमचा पाच वर्षांचा भानू मध्येच थांबला. मला धसकाच बसला, आता हा बैल उलटा करून नुसती चाकं फिरवत बसणार! खोटंखोटं खेळणं त्याला जमायचंच नाही. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, "शिकवू नका, त्याच्यासमोर तुम्हीच खेळा." म्हणून सहा महिने मी बैलाला खोटा चारा घातला, त्याच्या वतीने हंबरलेसुद्धा. आमचे हे हसायचे, "लाकडाचा बैल चारा खाते काय वं? पागल झाली काय?" भानूने दोरी सोडली आणि रिकामी ओंजळ बैलाच्या तोंडाशी नेली. "पानी पे. थकला तू." मग बैलाच्या उत्तरासाठी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण हंबरणं फुटेना. तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्यांदा हंबरलं. वळून पाहिलं, तर हे!