नाव निघालं तर

"हे नाव आजच काढावं लागेल," संघमित्रा म्हणाली, आणि जिनिंगच्या ऑफिसात असं झालं, जणू कुणाला भरल्या ताटावरून उठवलं.

ऑफिस सांभाळणारा योगेंद्र काकूंकडे बघेना. काकू, म्हणजे धरणगावच्या या कापसाच्या जिनिंगच्या मालकीण नर्मदाबाई, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्याच्या कडेला ऑफिसातल्या माणसांची नावं होती. जो कामाला बसला असेल त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागायचा. सगळ्यात वरचं नाव हितेंद्र. त्याच्यापुढचा ठिपका राखाडी होता.

हितेंद्र त्यांचा मुलगा. मागच्या हंगामात गाडी उलटली, त्यात गेला.

संघमित्रा जळगावहून आली होती. तिचं काम ऐकून तिची आई अजून कपाळाला हात लावते. पोरगी दिवसभर चोरांच्या बाजारात फिरते आणि काही न घेता घरी येते. खोटं नाही ते. इंटरनेटच्या तळघरात असा बाजार भरतो. तिथं लोकांची चोरलेली लॉगिन आणि पासवर्ड विकायला मांडलेले असतात, जुन्या बाजारात किल्ल्यांचे जुडगे मांडावेत तसे. आपल्या गिऱ्हाइकांपैकी कुणाची किल्ली तिथं दिसते का, एवढंच ती बघते. काल हितेंद्रची दिसली. खाली लिहिलं होतं, विकली गेली.

"पासवर्ड बदलला नव्हता तुम्ही?" तिनं योगेंद्रला विचारलं.

"त्याचा... म्हणजे, त्या आयडीचा? नाही."

"का बरं?"

"बदलायला त्या खुर्चीत बसावं लागतं."

तिला हसू येणार होतं. खुर्ची बघितली आणि ते तिनं गिळलं. टेबलांवर, फायलींवर, देवाच्या तसबिरीवरसुद्धा रुईची पांढरी लव बसलेली. जिनिंग म्हटलं की ती बसतेच. हितेंद्रच्या त्या एका खुर्चीवर नव्हती. कुणीतरी रोज पुसत होतं.

"अक्का," संघमित्रा दुसरी खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "ज्यानं हे विकत घेतलंय तो या नावानं आत येतो, सगळं वाचतो. कापसाच्या गाठी कुणाला पाठवल्या, पैसे कुणाकडून यायचेत. एक दिवस बिलावरचा तुमचा बँकेचा नंबर खोडून स्वतःचा टाकेल. मग हंगामाचे पैसे त्याच्या घरी, आणि तुम्हाला कापूस दिलेले शेतकरी तुमच्या दारी."

"जेवणं झाली की येतो," नर्मदाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"ठिपका पेटतो ना. पोरगाही जेवूनच बसायचा कामाला. त्याआधी त्याला काही सुचायचं नाही."

योगेंद्रनं मान वर केली. "काकू, ते तुम्ही नव्हता? आम्हाला वाटायचं, तुम्हीच घरून उघडून बसता. तुम्हाला कसं विचारायचं, म्हणून..."

त्याची नजर पडद्यावर गेली. ठिपका हिरवा झाला होता.

बाहेर भर उन्हात गाडीतून कापूस खाली होत होता, माणसं ओरडत होती. चोर आहे हे संघमित्राला पक्कं माहीत होतं, रोजचंच काम तिचं. तरी तिनं वळून खुर्चीकडे बघितलं.

"आत्ता काढायचं?" योगेंद्र हळूच म्हणाला. "तो आत आहे तोवर?"

"चोर आहे तो, योगेंद्रभाऊ."

"माले समजस," नर्मदाबाई म्हणाल्या. "मरेल माणूस वापस येत नई, इतलं माले समजस." मग संघमित्राला कळावं म्हणून अहिराणी सोडून सावकाश बोलायला लागल्या. "पण बेटा, वर्ष झालं, घरात कुणी त्याचं नाव घेत नाही. इथंही नाही. मी आले की बोलणं बंद. 'तो', 'त्याचं', 'आपलं ते'. मला त्रास होईल म्हणे. एक हा चोरच तेवढा, त्याचं नाव घेऊन आत येतो."

योगेंद्र पुढं आला. नावं काढायचा अधिकार त्याच्याकडे होता. खुर्चीत न बसता, उभ्यानंच वाकून त्यानं एकदोन ठिकाणी दाबलं. कॉम्प्युटरनं खात्री करायला चौकट पुढं केली. ज्याला काढायचं, त्याचं पूर्ण नाव लिहा. योगेंद्रची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"सरक," नर्मदाबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या. एका बोटानं एकेक अक्षर शोधायला लागल्या, आणि शाळेतल्या पोरीसारखं मोठ्यानं म्हणत गेल्या. "हितेंद्र." मग त्याच्या वडलांचं नाव. मग आडनाव. चूक झाली तसं पुसून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. दारात हिशेबाला आलेला हमाल होता, त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

ठिपका हिरवाच होता. मग नावासकट गेला. खालची नावं एकेक जागा वर सरकली.

त्या उठल्या तेव्हा लुगड्यावरची रुई खुर्चीला लागून राहिली. त्यांनी ती पुसली नाही.

संघमित्राला सोडायला त्या फाटकापर्यंत आल्या.

"तो बाजार तू रोज बघतेस?"

"रोज."

"त्याचं नाव तिथं परत निघालं तर मला फोन कर."

"आता भीती नाही, अक्का. ती किल्ली कुठंच लागायची नाही."

"भीतीचं नाही म्हणत मी," नर्मदाबाई म्हणाल्या. "निघालं तर सांग."