आवाजाची देणगी

रंजनाने आजही फोन कापला. गावची आशा सेविका असलेल्या चारुशीलाला तिला एवढंच सांगायचं होतं, की रिपोर्ट आलाय, बाळाची कावीळ वाढली आहे, त्याला आजच दवाखान्यात ने.

चूक रंजनाची नव्हती. पक्षाला देणगी द्यायला आशाताईंच्या संघटनेकडे पैसा नव्हता, म्हणून संघटनेने सभासदांचे आवाज दिले होते. गावोगावच्या बायका आशाताईंचं ऐकतात, हे पक्षाला पक्कं ठाऊक होतं. सभेत मानधनवाढीचं आश्वासन मिळालं, तेव्हा चारुशीलानेही हात वर केला. नुसता आवाजच तर द्यायचाय, असं तिला वाटलं होतं. तेव्हापासून यंत्र तिच्या आवाजात घरोघर फोन करायचं, आधी बाळाची चौकशी करायचं आणि मग मत मागायचं.

शेवटी ती भर उन्हात चालत रंजनाच्या घरी गेली. बंद दाराची कडी वाजवून तिने हाक मारली, "रंजना, बाळ दूध पितंय का गं?"

आतून सासू खेकसली, "अगं, बंद कर तो फोन! लागली पुन्हा मत मागायला."

"फोन बंदच आहे, आत्याबाई," रंजना म्हणाली. "आता यंत्र दारापर्यंत पाठवलंय वाटतं. उघडू नका."