दर्याचा नारळ

"दादा, मार आता! आलीय जवळ," धाकटा नथू ओरडला.

हिराजीनं भाला उगारला. दर्यानं पोरगा गिळल्यापासून त्यानं नारळी पौर्णिमेचा नारळ वाहणं बंद केलं होतं. आता ही डॉल्फिन इतक्या होड्या सोडून रोज त्याचंच जाळं फाडत होती.

ती होडीला घासून वर आली. पाठीवरचा चिरलेला पर बघताच त्यानं तिला ओळखलं. मागं त्याच्या जाळ्यात गुदमरून मेलेलं तिचं पिल्लू त्यानं पाण्यात फेकलं, तेव्हा हीच त्या पिल्लाला दिवस मावळेपर्यंत नाकानं वर ढकलत राहिली होती.

त्यानं भाला होडीत ठेवला.

"दादा, सोडतोस काय तिला?"

हिराजी पाण्यावर वाकला. "फाड जाळं. मला सोडू नको," तो तिला म्हणाला. "मीबी या दर्याला मरेस्तोवर नारळ देणार नाय."